चिरून ठेवलेला कांदा

दूरचित्रवाणीवरच्या स्वयंपाकघरात कांदा सहसा कुणाच्या डोळ्यांत पाणी आणत नाही, कारण पडद्यावर येतो तेव्हाच तो बारीक चिरून काचेच्या वाटीत शहाण्यासारखा बसलेला असतो. शेजारच्या वाट्यांत आले-लसणाचे वाटण, मोजून घेतलेले तिखट आणि निवडून धुतलेली कोथिंबीर असते. हसतमुख शेफ या वाट्या एकामागून एक कढईत रित्या करतात आणि "बघा, किती सोपे आहे!" असे म्हणतात. मसाल्याला कडेने तेल सुटायला वेळ लागतो म्हणावे, तर ओट्याखालून तेल सुटलेली दुसरी कढई हजर होते. निवडणे, सोलणे, चिरणे, वाटणे आणि वाट पाहणे वजा केले, तर उरलेला स्वयंपाक खरोखरच दहा मिनिटांचा असतो.

तरीही या मंडळींना खोटे म्हणवत नाही, कारण त्यांनी पदार्थांपेक्षा धीर अधिक वाटला. १९९३ साली झी टीव्हीवर 'खाना खजाना' सुरू झाला आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात घडलेले संजीव कपूर घरोघरी पोहोचले. (त्याचे दिग्दर्शक हंसल मेहता पुढे चित्रपटांकडे वळले, हे अनेकांना ठाऊक नसते.) कढईपुढे प्रसन्न चेहऱ्याने उभा असलेला पुरुष पाहणे, हीच तेव्हा कित्येक घरांना नवलाई होती. तरला दलाल यांची वाट नेमकी उलटी. त्यांनी १९६६ साली मुंबईत राहत्या घरी पाककलेचे वर्ग सुरू केले, पुस्तके लिहिली आणि मग त्या पडद्यावर आल्या. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हॉटेलातून आलेला माणूस पदार्थ सोपा करून सांगतो, तर घरातून आलेल्या बाईला तो अवघड कुठे होतो हे आधीच माहीत असते. माझा कल या दुसऱ्या जातीकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

धीर देण्याच्या बाबतीत मात्र अमेरिकेच्या ज्युलिया चाइल्ड यांचा हात धरणारे कुणी नसावे. १९६३ साली बोस्टनच्या केंद्रावरून त्यांचा 'द फ्रेंच शेफ' हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी गाठली होती. एका भागात बटाट्याचा जाड घावन हवेत उडवून उलटताना तो फसला आणि त्याचा काही भाग शेगडीवर सांडला. त्यांनी तो निवांतपणे गोळा करून पुन्हा तव्यात थापला आणि स्वयंपाकघरात आपण एकटेच असलो तर पाहणार कोण, अशा अर्थाचे काहीतरी बोलून त्या पुढे गेल्या. लोकांच्या आठवणीत त्या घावनाची पुढे अख्खी कोंबडी झाली आणि ती शेगडीवरून थेट जमिनीवर पडली. पण दंतकथा वाढली ती प्रेमापोटीच. मला मात्र त्यांचे पती पॉल अधिक लक्षात राहतात, कारण सुरुवातीच्या काळात सामान वाहण्यापासून भांडी घासण्यापर्यंतची कामे ते पडद्यामागे करत असत. कार्यक्रमातला सोपेपणा असा कुणाच्या तरी ओल्या हातांवर उभा असतो.

म्हणूनच नावाजलेल्या शेफच्या मुलाखतीत "घरी स्वयंपाक कोण करतं?" हा ठरलेला प्रश्न आला की मी कान टवकारतो. उत्तरही बहुधा ठरलेलेच असते: घरी आम्हाला साधा वरणभात किंवा मुगाची खिचडी आवडते. त्यावर माझा विश्वास आहे. दिवसभर चमच्याचमच्याने साय आणि लोणी चाखणाऱ्या जिभेला रात्री तूप-मीठ-भातच हवा असणार. परंतु ती खिचडी कुणी लावली आणि जेवणानंतर कुकरच्या बुडाला चिकटलेला थर कुणी खरवडला, हे विचारायच्या आतच मुलाखतकार त्यांच्या आवडत्या अभिनेत्रीकडे वळलेला असतो.