गाडी बुटकी केल्यावर रोल सेंटर कुठे जाते?

गाडी खाली बसवली की ती वळणावर कमी कलते, असे मीही बरीच वर्षे धरून चाललो होतो. टोयोटाच्या एई८६ या १९८३ ते १९८७ मधल्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन आलेखाच्या कागदावर काढायला बसलो, तेव्हा हा समज अर्धाच खरा निघाला.

या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला, चाकाला धरून ठेवणारा उभा खांब. त्याचे रोल सेंटर, म्हणजे वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, शोधण्यासाठी स्ट्रटच्या वरच्या टोकातून स्ट्रटला लंब रेषा काढायची, लोअर आर्मची (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याची) रेषा आतल्या बाजूला वाढवायची, आणि दोन्ही जिथे छेदतात तिथून टायर रस्त्याला टेकतो त्या बिंदूपर्यंत तिसरी रेषा ओढायची. ही तिसरी रेषा गाडीच्या मध्यरेषेला ज्या उंचीवर भेटते, तिथे रोल सेंटर.

मी मापे मात्र हिशेबाला सोपी अशी गृहीत धरली, ती एई८६ची नव्हेत. आर्म ३५० मिलिमीटर लांब आणि बाहेरच्या बाजूला २० मिलिमीटरने उतरता असताना रोल सेंटर जमिनीपासून ८६ मिलिमीटरवर आले. गाडी ४० मिलिमीटरने खाली घेतली, तर आर्म तेवढाच बाहेरच्या बाजूला चढता होतो आणि रोल सेंटर थेट जमिनीखाली १५ मिलिमीटरवर जाते. गुरुत्वमध्य ५०० वरून ४६० वर आला, म्हणजे ४० ने उतरला. रोल सेंटर मात्र १०१ ने. या दोहोंमधले अंतर हीच गाडीला कलवणारी तरफ, आणि ती ४१४ वरून ४७५ झाली. स्प्रिंगा त्याच ठेवल्या, तर पुढची बाजू पूर्वीपेक्षा अधिक कलणार.

याचा अर्थ खाली घेण्यात काहीच लाभ नाही, असा नव्हे. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा एकूण भार गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि चाकांमधल्या अंतरावर ठरतो, त्यामुळे तो येथे ८ टक्क्यांनी कमी झालाच. मात्र बुटक्या गाडीला कडक स्प्रिंगा घातल्यावर जी सुधारणा जाणवते, तिच्यातला बराच भाग या वाढलेल्या तरफेची भरपाई करण्यातच खर्च होतो, आणि हे सहसा कोणी बोलत नाही.

खरा उपाय बॉल जॉइंट, म्हणजे लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाचा गोल सांधा, खाली आणण्याचा. एई८६मध्ये स्ट्रट आणि स्टिअरिंग आर्म (चाक वळवणारा दांडा) यांच्यामध्ये जाड स्पेसर, म्हणजे अंतर वाढवणारा तुकडा, बसवतात. माझ्या आकृतीत २५ मिलिमीटरच्या स्पेसरने खाली घेतलेल्या गाडीचे रोल सेंटर जमिनीपासून ४३ वर आले आणि तरफ ४१७, म्हणजे जवळजवळ मूळची. टाय रॉडचे (स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणाऱ्या दांड्याचे) टोकही त्याच स्टिअरिंग आर्मवर असल्याने तेही सोबत खाली येते, आणि खड्ड्यात चाक आपोआप वळण्याची खोडही आटोक्यात राहते. नुसता लांब दांड्याचा बॉल जॉइंट लावला तर टाय रॉड वेगळा दुरुस्त करावा लागतो.

मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आस आणि त्याला बॉडीशी जोडणारा आडवा पॅनहार्ड रॉड आहे, तेथे गणित सौम्य आहे. रॉडचे बॉडीकडचे टोक ४० ने उतरते, आसाकडचे जागेवरच राहते, म्हणून मधला बिंदू, म्हणजेच मागचे रोल सेंटर, साधारण २० नेच उतरते. पुढे १०१ आणि मागे २०, अशा फरकाने रोलचा अक्ष, म्हणजे पुढचे आणि मागचे रोल सेंटर जोडणारी रेषा, नाकाकडे झुकतो आणि गाडीचा पुढचा-मागचा तोल बदलतो. म्हणूनच माझ्या यादीत स्पेसर आधी येतो, कडक स्प्रिंगा नंतर.