आईचं डॉरमंट झालेलं खातं आणि पाच हेलपाटे

दर एप्रिलला मी वर्षभराच्या पैशांचा हिशोब मांडून बसते. विम्याचे हप्ते, मुलाची फी, घरपट्टी, गाडीचा इन्शुरन्स, जे जे वर्षातून एकदाच येतं ते सगळं बेरीज करून बाराने भागते आणि पगार झाला की दुसऱ्या दिवशी तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकते. सहा वर्षं झाली, एकदाही घरपट्टीसाठी उसनवारी करावी लागली नाही, याचं मला खरंच समाधान आहे. यंदा म्हटलं आईचंही बघू, तर तिच्या कपाटात साड्यांखाली एक जुनं पासबुक निघालं, शेवटची एंट्री बरोबर तीन वर्षांपूर्वीची. पेन्शन दुसऱ्या बँकेत येते त्यामुळे हे खातं तिच्या लक्षातच नव्हतं.

दोन वर्षं आपण स्वतः काही व्यवहार केला नाही की बचत खातं निष्क्रिय, म्हणजेच डॉरमंट होतं, आणि बँक जे व्याज जमा करते ते आपला व्यवहार म्हणून धरत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. म्हणून आधीच सांगते, जितकी खाती आहेत तितक्यांत वर्षातून एकदा तरी शंभर रुपये टाका किंवा काढा, मी आता एप्रिलच्या यादीतच हे लिहून ठेवलंय.

पहिल्या दिवशी घराजवळच्या शाखेत गेलो तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या होम ब्रांचला, म्हणजे खातं जिथे उघडलं त्या शाखेत जा. होम ब्रांच दोन तासांवर. घरी येऊन शोधलं तर रिझर्व्ह बँकेचं 1 जानेवारी 2024 चं परिपत्रक सापडलं, 1 एप्रिल 2024 पासून लागू, त्यात स्पष्ट आहे की यासाठीचं केवायसी, म्हणजे ओळख आणि पत्त्याची तपासणी, कुठल्याही शाखेत करता येतं आणि खातं चालू करायला चार्ज लावायचा नाही. प्रिंट काढून दुसऱ्या दिवशी परत गेले, तेव्हा कुठे फॉर्म हातात मिळाला. आधार, पॅन, फोटो सगळं जोडून तिसऱ्या दिवशी आईला घेऊन गेले आणि खरा घोळ तिथून सुरू झाला.

सही जुळेना. आई 74 वर्षांची, हात थरथरतो, आणि बँकेकडच्या कार्डावरची सही 1990 च्या दशकातली, एका दमात ओढलेली. मॅडमनी स्क्रीन बघितली, फॉर्म बघितला, म्हणाल्या "काकू, परत करा सही." आईने केली. परत नाही. तिसऱ्यांदा केली तेव्हा तिने पेन इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली आणि शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर गेलं. मागे रांग, सगळे आमच्याकडे बघतायत. मग त्या म्हणाल्या अंगठा चालेल, दोन साक्षीदार आणा, एक आमच्यातला असेल. नियमात तशी सोय आहे, आजारी किंवा थकलेल्या माणसांसाठी ती चांगलीच आहे, पण आई तीस वर्षं शाळेत शिकवायची. ती फक्त एवढंच म्हणाली, "मला लिहिता येतं हो." आणि उठली. रिक्षात एक शब्द बोलली नाही. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून पूर्ण गेलेला नाही.

चौथ्या दिवशी मी एकटीच जाऊन सरळ मॅनेजरांना भेटले. ते म्हणाले अहो, सही बदलल्याचा अर्ज द्यायचा, काकूंनी माझ्यासमोर नवी सही करायची, फोटो आयडीवरून आम्ही ओळख पटवतो, झालं. म्हणजे हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं! घरात कुणी वयस्कर असेल आणि सही बदलली असेल तर खातं चालू असतानाच नवी सही नोंदवून घ्या. पाचव्या दिवशी आई बँकेत आली, खुर्चीत नीट बसली, सावकाश सही केली, कुणी घाई केली नाही.

एक राहिलं, अर्ज दिल्याची तारीख घातलेली पोच घ्याच, कारण पूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बँकेने काम करायचं असतं आणि पोच नसेल तर दिवस मोजणार कुठून. तरीही अडवलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. आणि दहा वर्षं खात्याकडे बघितलंच नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात, बुडत नाहीत, मागता येतात, रिझर्व्ह बँकेच्या उद्गम (UDGAM) पोर्टलवर नावाने शोधता येतं. पण एवढं लांबवायचं कशाला.

हो, नॉमिनी! आईच्या खात्यावर नॉमिनी अजून बाबाच होते. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच टेबलावर बदलून घेतलं, 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी ठेवता येतात म्हणून आम्हा दोघी बहिणींची नावं टाकली.

दोन दिवसांनी खातं चालू झाल्याचा मेसेज आला. आई म्हणाली पासबुक भरून आणू या. मशीनमधून ते बाहेर आलं तेव्हा व्याजाच्या बारा ओळी छापलेल्या होत्या, दर तिमाहीची एक, एकही चुकलेली नाही. आईने चष्मा लावून बाराच्या बारा तिथेच उभं राहून वाचल्या आणि मग शंभर रुपयांची विड्रॉल स्लिप स्वतः भरली.