तुम्ही विचारलंत म्हणून: परत तेच का वाचतेस?

"परत तेच? अगं, नवीन किती काय काय येतंय!" हे घरचे म्हणतात, मित्रमंडळी म्हणतात, आणि माझ्या कादंबरीची माझ्यापेक्षा जास्त काळजी असणारे तर हमखास म्हणतात. दरवेळी मी "आवडतं म्हणून" असं सांगून वेळ मारून नेते. ते खोटं नाहीये, पण पूर्ण खरंही नाही. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची, बेटांच्या काल्पनिक जगातल्या जादूगारांची अर्थसी मालिका मी हल्ली आवडीसाठी फारशी वाचतच नाही, लिहायला शिकायचं म्हणून वाचते. हसा हवं तर. गाणारा माणूस तोच राग वर्षानुवर्षं घोटतो तेव्हा तो रियाज, आणि मी तेच प्रकरण घोटलं की टाइमपास, असं का ते मात्र मला कुणी सांगत नाही.

तर झालं असं होतं. लिहिणाऱ्या चार-पाच जणांसमोर मी माझी पहिली काही प्रकरणं वाचली होती. नकाशा होता, राजघराण्यांच्या वंशावळी होत्या, जादूच्या नियमांची तर वेगळी वहीच होती. वाचून झाल्यावर आमच्यातला एक जण, जो एरवी फार बोलत नाही, त्याने विचारलं, "तुझ्या या जगात जादू केली की किंमत काय मोजावी लागते?" मी अशी खुलले म्हणून सांगू! याच प्रश्नाची तर वाट बघत होते. वही उघडली आणि सांगत सुटले, कोणत्या मंत्राने काय झिजतं, कुणाचं आयुष्य कमी होतं, अमुक बेटावर तो मंत्र का चालत नाही, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे सगळं तू सांगतेयस. तू वाचलंस त्यात कुठे होतं?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. एकीने घाईघाईने दुसऱ्याच कुणाच्या तरी कथेचा विषय काढला, आणि मी उरलेला सगळा वेळ ती उघडी वही मांडीवर घेऊन बसले, कारण मिटली असती तर ते सगळ्यांना दिसलं असतं. घरी येऊन मनातल्या मनात त्याला इतकी उत्तरं दिली की विचारू नका. त्यातलं एक अजूनही देते: ले ग्विननेही अर्थसीचा नकाशा आधी काढला, गोष्ट नंतर लिहिली. घ्या!

आणि त्याच रागात, त्याला खोटं पाडायचंच म्हणून, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968) उघडलं. बघू तरी, हिने नियम कुठे सांगितलेत. तर सुरुवातीलाच गेड नावाचा पोरगा ओगियन या मोठ्या जादूगाराचा शिष्य होतो, मंत्र शिकायला नुसता उतावीळ. दोघं डोंगरातून चाललेत, पाऊस येतो. आता साधे मांत्रिकसुद्धा ढग दुसरीकडे ढकलतात. ओगियन काहीच करत नाही. एका दाट झाडाखाली जाऊन आडवा होतो. आणि गेड भिजत, धुमसत बसलाय, की वापरायचीच नसेल तर ही शक्ती काय कामाची. बस, एवढंच. इकडचा पाऊस म्हणजे दुसरीकडचा दुष्काळ होऊ शकतो हे रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत पुढे कळतं, पण तोवर आपण त्या पोराबरोबर भिजून झालेलो असतो, आणि हा पुढे घोळ घालणार हेही ओळखलेलं असतं. जादूचा नियम दाखवायला तिने जादू *न करणारा* जादूगार आणला! माझ्या वहीत पानंच्या पानं होती आणि हे नव्हतं.

दुसरा भाग, 'द टूम्स ऑफ अटुआन' (1971), तर मी पेन्सिल घेऊनच वाचते. तेनार ही पुजारीण, थडग्यांखालच्या गुहेत दिवा न्यायला बंदी, म्हणून ती हाताने चाचपत, वळणं मोजत फिरते, आणि आपणही पानामागून पान आंधळेच. मग गेड तिथे उजेड घेऊन येतो, आणि स्वतःचीच ती गुहा तिला पहिल्यांदा *दिसते*, झगमगणारी. मालिकेचा नायक एवढा उशिरा का येतो म्हणून मी कॉलेजात असताना कुरकुरायचे. त्या मुलीला आता सांगावंसं वाटतं की बाई, तो अंधार आधी साठवावा लागतो.

पण ती मुलगी ऐकणार नाही, आणि तिचंही काही अगदीच चुकत नाही. 'तेहानू' (1990) आलं ते तिसऱ्या भागानंतर 18 वर्षांनी, त्यात गेडची शक्ती गेलेली, तो शेळ्या राखतोय, आणि गोष्ट आहे विधवा झालेल्या मध्यमवयीन तेनारची. लेखिका स्वतःच्याच जगाशी भांडतेय, तिथली ती शाळा फक्त पुरुषांची का वगैरे, हे मला आता दिसतं, पटतंही. तरी 'माझा गेड वाया घालवला' हा राग पूर्ण गेलेला नाही. कॉलेजात मी तो भाग रडत वाचला होता, आता वाचताना परिच्छेद कुठे तोडलाय ते बघते. हे शिकणं की नुकसान, खरंच माहीत नाही. आणि हो, लिहायचं टाळायला वाचतेस असं जे तुम्ही म्हणता, त्यात तथ्य आहे. सगळंच नाही, पण आहे.

मी मूळ पुस्तकाची नक्कल करत बसेन अशी भीती घालणाऱ्यांना एवढंच सांगते, नक्कल जमली असती तर इतक्यांदा वाचलं असतं का?

कादंबरी कुठवर आली ते विचारू नका. सध्या तिसऱ्या प्रकरणातली बेटांची वर्णनं कापतेय. त्यातलं एक बेट गोष्टीला काडीचंही लागत नाही आणि ते काही केल्या माझ्याच्याने कापवत नाहीये.