कर्नल नोंद: पॉइंटर काढला, हँडल टेबल बसवलं

आतापर्यंत माझं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पाइप (प्रोसेसमधून डेटा नेणारी वाट) उघडला की त्या ऑब्जेक्टचा मेमरीतला पत्ताच, म्हणजे पॉइंटर, यूजर प्रोसेसला देत होतं. परत आलेला पत्ता प्रोसेसच्या यादीत सापडला तरच त्याला हात लावायचा, त्यामुळे कोणी मनाचा आकडा पाठवला तरी काही बिघडत नव्हतं. पण पत्ता बाहेर गेला की कर्नल मेमरीत कुठे बसलंय ते कळतं. शिवाय पाइप बंद झाल्यावर मेमरी वाटणाऱ्या ॲलोकेटरने तीच जागा नव्या पाइपला दिली, तर जुना पत्ताही तपासणीत पास. पत्ता बरोबर, पाइप भलताच.

बाजार समितीच्या टोकनावर नंबरासोबत तारीख असली की कालचा १२ नंबर आज चालत नाही. आता पत्त्याऐवजी प्रोसेसला मिळणारा आकडा, म्हणजे हँडल, तसंच आहे: एकूण ३२ बिट, खालचे १२ टेबलातला इंडेक्स, वरचे २० त्या खान्याची पिढी, म्हणजे टोकनावरची तारीख. हँडल बंद झालं की पिढी एकने वाढते. पिढी १ पासून सुरू, म्हणून शून्य कधीच वैध नाही. वीस बिट संपले की तो खाना कायमचा बाद. एक नोंद १६ बाइटची, म्हणजे ४०९६ खान्यांना प्रोसेसमागे ६४ केबी. मला चालतं, कारण १२ बिटांचा मास्क लावला, म्हणजे खालचे १२ बिट ठेवून बाकीचे शून्य केले, की इंडेक्स टेबलाबाहेर जातच नाही. २०१८ मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटीच्या पहिल्या प्रकारात प्रोसेसर सीमा-तपासणी ओलांडून अंदाजाने पुढे धावतो. मास्क तिथेही टिकतो.

खरं डोकं लागलं ते लॉकपाशी, म्हणजे एका वेळी एकालाच टेबल वापरू देणाऱ्या कुलुपापाशी. समजा एक थ्रेड (प्रोसेसमधलं एक स्वतंत्र चालणारं काम) हँडलवरून पॉइंटर शोधतो, लॉक सोडतो, मग रेफरन्स काउंट, म्हणजे ऑब्जेक्ट किती जणांनी धरलाय तो आकडा, वाढवतो. मधल्या फटीत दुसऱ्या थ्रेडने तेच हँडल बंद केलं तर पॉइंटर मेलेला. म्हणून पिढी, प्रकार, परवानगी तपासणं आणि काउंट वाढवणं, सगळं एकाच लॉकखाली. शोधणारं फंक्शन आता नुसता पॉइंटर देतच नाही, धरलेला रेफरन्स देतं. ही अट फंक्शनच्या सिग्नेचरमध्येच, म्हणजे ते काय घेतं आणि काय परत देतं त्या ओळीतच, असावी असं माझं ठाम मत आहे.

हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाईन असते, तेव्हा वावरात मोटरजवळ बसून क्यूएमू या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅमला चार कोअर दिले आणि उघड-बंदची चाचणी चालू ठेवली. लाईन जाईपर्यंत एकही जुनं हँडल पास झालं नाही.

पुढचं काम एका प्रोसेसचं हँडल दुसरीला देणं. तिथे दोन टेबलांची दोन लॉक येतात. दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकू नयेत म्हणून कमी पत्त्याचं आधी घ्यायचं ठरवलंय.