हॉटेलात राहणारी माणसं

आपल्याकडे हॉटेल म्हणजे मिसळ खायची जागा. राहायचं असेल तर लॉज. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोला एका बाईंनी "माझे वडील आयुष्यभर हॉटेलात राहिले" असं सांगितलं तेव्हा मला आधी वाटलं, बडं प्रस्थ दिसतंय. तसं नव्हतं.

कंपनीच्या खर्चाने कॉन्फरन्सला गेलो होतो. गोल्डन गेट पाहिला, धुक्यात अर्धाच दिसला. अल्कात्राझची तिकिटं संपली होती. केबल कारच्या रांगेत पाऊण तास उभा राहून नाद सोडला. तीन दिवसांचा हिशेब एवढाच. उरलेला वेळ कॉन्फरन्स होती त्या मॉस्कोन सेंटरच्या पोटात. हे सेंटर बरंचसं जमिनीखाली आहे आणि त्याच्या माथ्यावर मुलांसाठी बाग, त्यात लाकडी घोड्यांचं जुनं मेरी-गो-राउंड. खाली आम्ही क्लाउडवर प्रवचनं ऐकतोय आणि वर पोरं गोल फिरतायत. वरचा कार्यक्रम जास्त बरा होता.

पहिल्या संध्याकाळी दोघं सहकारी मला फोर्थ आणि मिशन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या मॅरियटमध्ये घेऊन गेले. ३९ मजले, माथ्यावर पंख्यासारख्या प्रचंड काचा. तिथले लोक याला ज्यूकबॉक्स म्हणतात, आणि एकदा ऐकलं की दुसरं काही दिसतच नाही. शेवटच्या मजल्यावर बार आहे. बिअर घेतली, किमतीचे रुपये करायचे नाहीत असं ठरवूनही केले, आणि मग घोट लहान लहान घेतले. हे हॉटेल १७ ऑक्टोबर १९८९ ला उघडलं आणि त्याच संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी ६.९ चा भूकंप झाला. आपल्याकडे अशा मुहूर्ताची चौकशी झाली असती. इमारत मात्र उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी जेटलॅगने साडेतीनला डोळे उघडले. सातला बाहेर पडलो. फोर्थ आणि हॉवर्डच्या कोपऱ्यावर एक बाई किराण्याची ट्रॉली दारातून आत ओढत होत्या आणि चाक उंबऱ्याला अडकलं होतं. मी दार धरलं. सत्तरीच्या असाव्यात. "कुठे उतरलात?" मी हॉटेलचं नाव सांगितलं. त्यावर ते वडिलांचं वाक्य आलं.

वडील बोटीवर खलाशी. दोन सफरींच्या मधे आणि निवृत्तीनंतर तर कायमच याच भागातल्या एका हॉटेलच्या खोलीत. एक खाट, एक खिडकी, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, संडास-बाथरूम बोळाच्या टोकाला. भाडं आठवड्याचं. जेवण खाली रस्त्यावर. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला अशा हॉटेलांच्या रांगा होत्या आणि त्यांत गोदी कामगार, खलाशी, हंगामी शेतमजूर अशी एकटी म्हातारी माणसं राहायची. (या शहरात अशी खोल्यांची हॉटेलं चालवण्यात १९४०च्या दशकापासून सुरतेकडची मंडळीही होती. गुजराती माणूस कुठे नसतो!)

मला माझे आजोबाच आठवले. गिरणीत होते तेव्हा लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. भिंतीला ओळीने ट्रंका, झोपायचं पाळीप्रमाणे, जेवण खानावळीत. ती खोली म्हणजे घर नाही असं कुणी म्हटलं असतं तर आजोबांनी त्याला चांगलाच झापला असता.

इथे मात्र म्हटलं गेलं. शहराच्या रीडेव्हलपमेंट एजन्सीने, म्हणजे जुन्या वस्त्या पाडून नवं बांधणाऱ्या खात्याने, १९६६ मध्ये येर्बा बुएना नावाचा ८७ एकरांचा प्रकल्प मंजूर करून घेतला. कन्व्हेन्शन सेंटर, हॉटेलं, ऑफिसं. वस्तीला नाव दिलं 'स्किड रो', म्हणजे दारुड्यांचा अड्डा, आणि मग पाडापाडी सोपी झाली. सुमारे ४,००० माणसं हलवायची होती. जस्टिन हर्मन नावाचे साहेब एजन्सीचे प्रमुख. ही जमीन इतकी मोलाची आहे की तिच्यावर गरिबांना बसू देणं परवडायचं नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्यांच्या नावावर आजही सांगितलं जातं. शहराने त्यांच्या नावाने एक चौकही केला होता. २०१७ मध्ये ते नाव काढून टाकलं.

पण म्हातारे नमले नाहीत. १९६९ मध्ये भाडेकऱ्यांनी संघटना काढली, टूर नावाची. पुढारी होते जॉर्ज वुल्फ, ऐंशीच्या घरातले जुने युनियनवाले, आणि पीटर मेंडलसन, निवृत्त खलाशी. ज्यांनी अख्खं आयुष्य संप केले त्यांना एजन्सी नोटिसांनी घाबरवायला निघाली होती! कोर्टात गेले, पाडकाम अडवलं. १९७३ मध्ये तडजोड झाली. त्यांच्या संघटनेला तिथेच घरं बांधायला जागा मिळाल्या आणि पैसा हॉटेलांवरच्या करातून यायचा ठरला. या सगळ्यामुळे मॉस्कोन सेंटर उघडायला १९८१ उजाडलं आणि मॅरियटला १९८९. मी ज्या दारात उभा होतो ते त्यांतलंच वुल्फ हाउस, १९७९ चं. मेंडलसन यांच्या नावाची इमारतही जवळच, फॉल्सम स्ट्रीटवर आहे.

या तारखा मी नंतर वाचल्या. बाईंनी सांगितलं ते एवढंच, की वडील आधीच गेले, त्यांना इथली खोली काही मिळाली नाही. मग म्हणाल्या, "ते काचेचं धूड दिसतंय ना? माझं स्वयंपाकघर उत्तरेला. ऊन येतच नाही. पण सकाळी त्या काचांवर पडतं आणि तिथून उलटून माझ्या ओट्यावर येतं. वीस मिनिटं. तेवढ्यात मी चहा उरकते." एवढं बोलून बाई घड्याळात बघून लगबगीने आत गेल्या. मला वाटलं होतं, चहाला बोलावतील. आपली सवय.

संध्याकाळी सहकारी पुन्हा वर बारमध्ये चालले होते. मी नाही गेलो. तत्त्वबित्त्व काही नाही, झोप येत होती.

पुण्याला आल्यावर अकाउंट्समधून फोन. "सर, तुमच्या बिलात खोलीभाड्याच्या खाली चौदा टक्के वेगळे लावलेत. हे काय आहे?"

"हॉटेल टॅक्स."

"खाण्यावर?"

"नाही रे, राहण्यावर."