आमची वाटचाल : चपडा ते पीयू

आमचा धंदा वडिलांनी पुण्यात सुरू केला, तो चपडा पॉलिशचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसाच्या बोळ्याने लाकडावर हात देत राहायचं. देव्हारे, झोपाळे, शिसवी कपाटं अशी कामं असत. चपड्याचं पाण्याशी वैर. ओला पेला ठेवला की पांढरा डाग उमटलाच. त्यामुळे न्हाणीघरातलं काम आमच्याकडे कधी आलं नाही. तेव्हा तिथे लाकूड म्हणजे फार तर बसायचा पाट!

पुढे फ्लॅट वाढले आणि बेसिनखाली लाकडी व्हॅनिटी, म्हणजे छोटं कपाट आलं. तोवर मी चपड्यानंतरचं मेलामाइन पॉलिशही सोडून पीयूकडे, म्हणजे पाणी सोसणाऱ्या पॉलियुरेथेन पॉलिशकडे वळलो होतो. जेवणाचं टेबल करून घेतलेल्या एका काकूंनी विचारलं, "बाथरूमचंही करून द्याल का?" तिथून हे काम वाढत गेलं.

अजूनही बहुतेकांचा फोन एकच : "वरून एक हात मारून द्या." पण पाणी वरून क्वचितच शिरतं. ते शिरतं शटरच्या, म्हणजे कपाटाच्या दाराच्या खालच्या कडेतून, बेसिनसाठी कापलेल्या कच्च्या कडेतून, पाइपच्या भोकातून. म्हणून आम्ही आधी शटर उतरवतो आणि खालच्या कडेवरून बोट फिरवतो. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) फुगलेला असेल तर सरळ नाही म्हणतो. तो पॉलिशने खाली बसत नाही, बदलावाच लागतो. काम हातचं जातं, जाऊ दे.

सागवान असेल किंवा चांगल्या, पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायवर विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) असेल तर मात्र कामाला मजा येते. विनियर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, त्यामुळे तिथे घासायचं मशीन लावत नाही. 180 आणि मग 320 नंबरचा पेपर, हातानेच. बिजागरीपाशी लोखंड आणि ओल मिळून सागाला काळे डाग पडतात. ते ऑक्झॅलिक ॲसिडने निघतात, पण हातमोजे घालून आणि नंतर स्वच्छ पुसून. जुनं सिलिकॉन मुळापासून खरवडावं लागतं; जरा राहिलं तर पीयू तिथे धरत नाही, खळगे पडतात.

खरा वेळ खातं ते वाळवणं. ओलाव्याचं मीटर 12 टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर आम्ही सीलरचा, म्हणजे पॉलिशआधीच्या अस्तराचा डबा उघडतच नाही. गिऱ्हाईक वैतागतं, चालायचंच. मग सीलर, घासणी आणि पीयूचे हात; कडांना दोन जास्त. पीयूत मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, म्हणून कारागिरांना तोंडाला रुमाल बांधून फवारणी करू देत नाही, कार्ट्रिजचा मास्क सक्तीचा. हात लावण्याजोगं ते लवकर होतं, पण आठवडाभर पाणी उडू द्यायचं नाही, हे निघताना दोनदा सांगतो.

जुलै-ऑगस्टमध्ये घरी जाऊन हे काम आम्ही घेत नाही. शटर दुकानात आणून, हवा कोरडी करून रंगवतो. कपाटाचा सांगाडा मात्र घरी येऊन, दिवाळीच्या आधी. जुलै-ऑगस्टच्या कामाची नोंदणी मे महिन्यातच करावी लागते.