पिक्चर बघायचा कुठे?

“पिक्चर चांगला झालाय म्हणे. पण बघायचा कुठे?” ओळखीचं कुणी भेटलं की हे येतंच. मी तोंड उघडेपर्यंत पुढचा प्रश्नही येतो, “ओटीटीला का नाही देऊन टाकत?” छोट्या मराठी सिनेमांच्या निर्मितीचं काम मी बघते. म्हणजे बजेट, करार, सेन्सॉर आणि सरतेशेवटी सिनेमा लोकांपुढे नेणं. एरवी “बघू, चाललंय” म्हणून सटकते. आता इतक्या जणांनी विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आधी थिएटर. रिळं गेली तेव्हा आम्हाला वाटलं होतं, चला, प्रिंटचा खर्च वाचला. पण डिजिटल प्रोजेक्टर बसवायचा खर्च भरून काढायला निर्मात्याकडून ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’ घ्यायची पद्धत पडली. २०१८च्या मार्चमध्ये दक्षिणेतल्या निर्मात्यांनी याच फीवरून नवे सिनेमे लावणं थांबवलं होतं. त्यात पोस्टर, जाहिराती, वितरकाचं कमिशन धरा. पहिलं तिकीट विकलं जायच्या आधीच पैसे जायला लागलेले असतात. आणि एवढं करून शो कुठला मिळतो? सकाळी साडेनऊचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला. शनिवारी आम्ही बुकिंगच्या ॲपवर किती खुर्च्या भरल्या ते मोजत बसतो आणि सोमवारी शो उतरतात. मल्टिप्लेक्सनी मराठीला प्राइम टाइम द्यावा, असं सरकारने २०१५मध्ये सांगितलं होतं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हटलं, मग गदारोळ झाला आणि तोडगा निघाला दुपारी बारा ते रात्री नऊ. मंगळवारी दुपारी बारा वाजता प्राइम टाइम! असो.

ओटीटीचं म्हणाल, तर लॉकडाऊनच्या आसपास दिवस बरे होते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ सप्टेंबर २०२०मध्ये व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलमधून पटकथेचा पुरस्कार घेऊन आला आणि पुढच्या एप्रिलमध्ये थेट नेटफ्लिक्सवर दिसला. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यानंतर बजेटं ओटीटीच्या भरवशावर मांडली. आता तिथे गेलं की आधी विचारतात, थिएटरला लागला होता का, किती चालला, चेहरा कोण आहे? २०२५च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, म्हणजे विकायला जायचं एक दार तसंही कमी झालं. जिथे घेतात तिथे बरेचदा रोख रक्कम नसतेच. लोक जितकी मिनिटं बघतील तितके पैसे. मिनिटं मोजणार तेच.

आणि करार! एका करारात हक्क मागितले होते ते “कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांसाठी.” उद्या चंद्रावर कुणी मराठी पिक्चर लावला तरी पैसे त्यांचे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे नव्या मुलांनी वाचायलाच हवं. हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच समोरचे त्या जागा कधी रिकाम्या सोडत नाहीत. सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो. ती साठही वर्षं एका सहीत देऊन टाकायची आणि बदल्यात साउंडवाल्याची उधारीही फिटत नाही, याला मी विक्री म्हणत नाही. आम्ही ठरावीक वर्षांपुरतेच डिजिटल हक्क देतो. शाळा-कॉलेजं, संस्थांमधले खेळ, परदेशातली महाराष्ट्र मंडळं, डबिंग, रीमेक हे सगळं बाजूला काढून स्वतःकडे ठेवतो.

हे ठेवून घ्यायचं कारण नुसतं कायद्याचं नाही. सिनेमा एकदा ओटीटीवर आला की कुठलंही मंडळ मानधन देत नाही, “मोबाइलवर आहे की ताई!” म्हणून ओटीटी सगळ्यात शेवटी. आधी फेस्टिव्हल, मग निवडक शहरांत थिएटर, मग संस्थांमधले खेळ. मधला काळ लांबतो. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, तिथलीच माणसं घेऊन केलेला. टोरांटोच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये गौरवला गेला २०२३च्या सप्टेंबरमध्ये आणि आपल्याकडे थिएटरला लागला २०२५च्या मार्चमध्ये. दीड वर्ष! तेवढ्या दिवसांचं व्याज धरून बजेट करायला हवं, हे कुठल्या फिल्म स्कूलमध्ये शिकवतात कोण जाणे.

संस्थांमधला खेळ म्हणजे काय ते सांगते. तालुक्याचं कॉलेज, वरच्या मजल्यावरचा हॉल. खिडक्यांना शिपाईमामांनी काळा कागद चिकटवलेला, तरी एका फटीतून ऊन बरोबर पडद्यावर. थिएटरची डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठी बनवलेली खास डिजिटल प्रत, तिथे चालत नाही, म्हणून लॅपटॉपवर वेगळी फाइल नेतो. तिच्यावर कोपऱ्यात यजमान संस्थेचं नाव पुसट उमटवलेलं असतं, म्हणजे कुणी कॉपी केली तर कुठून फुटली ते कळतं. प्रोजेक्टर वर्गातला, त्यामुळे रात्रीचे सीन सगळे निळे. चार्जर लावला की स्पीकर गुणगुणतो, मग चार्जर काढायचा आणि बॅटरी पुरेल अशी प्रार्थना करायची. तिकीट लावलं तर जागेच्या परवान्यांची भानगड, म्हणून आम्ही संस्थेकडून ठरलेलं मानधन घेतो, कुठे ५ हजार, कुठे २५. सेन्सॉर सर्टिफिकेट मात्र आम्ही कुठेही बरोबर ठेवतो. खेळ संपला की पहिला प्रश्न “हिरॉइनला किती दिले?” आणि दुसरा कुणातरी बाईंचा, असा नेमका की फेस्टिव्हलच्या परीक्षकांनीही विचारला नव्हता.

यात बजेट वसूल होतं का? नाही. उधारी फिटते, आणि पुढच्या सिनेमाला येतील अशी माणसं नावानिशी कळतात. मोठा आधार राज्य सरकारच्या अनुदानाचा, अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख. पण ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन, आणि मिळालं तर. म्हणून मी दिग्दर्शकाला आधी विचारते, पैसे येणार कुठून कुठून? ती बेरीज मांडायची आणि मग कथेत ट्रेन ठेवायची की एसटी ते ठरवायचं. दिग्दर्शक रुसतात. रुसू देत. रील्स करा, व्हायरल व्हा, हा सल्लाही मला पटत नाही. रीलला लाखभर बघणारे मिळतात, त्यातले तिकीट काढणारे किती ते आम्ही हॉलमध्ये उभं राहून पाहिलंय. जिल्ह्यातल्या शिक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप त्याहून जास्त उपयोगी पडतो.

सिनेमा घेऊन आपणच माणसांपर्यंत जायचं, ही काही नवी युक्ती नाही. जत्रेत तंबू ठोकून सिनेमे दाखवणारे आपल्याकडे होतेच. आणि १९७६चा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केला, मग तेच शेतकरी ट्रक भरभरून तो बघायला आले. आपल्याला पाच लाख माणसं जमणार नाहीत. पाचशे जमवायची तरी शूटिंगच्या आधीपासून जमवावी लागतात, पोस्टर लागल्यावर नाही.

तेव्हा आमचा सध्याचा सिनेमा ओटीटीवर शोधू नका, एवढ्यात सापडणार नाही. तुमच्या गावात वाचनालय, कॉलेज, गणेश मंडळ, काहीही असेल तर कळवा. शंभरेक खुर्च्या, अंधार होईल असा हॉल आणि लांब एचडीएमआय केबल लागेल. केबलचं विशेष सांगते, कारण ती नेहमी दोन फूट कमी पडते.